आतड्यात आलेल्या देवी

पोटाच्या आजारावर लिहायचं म्हणजे संडासावर लिहावं लागतं, आणि संडासावर लिहिलं की वाचणारे नाक मुरडतात. मुरडोत बापडे. हृदयाचा आजार असला की माणूस छातीवर हात ठेवून चारचौघांत सांगू शकतो. क्षयाबद्दलसुद्धा लोक हळहळून बोलतात. पण दिवसभर पोटात कळ येते, परसात धावत जावं लागतं आणि तिथे रक्ताशिवाय काही पडत नाही, हे कुणाला आणि कोणत्या तोंडाने सांगायचं? माझ्या उमेदीची सगळी वर्षं हे न सांगण्यात गेली. आता ज्यांच्यापासून लपवायचं ती माणसंच फारशी उरली नाहीत, म्हणून लिहिते आहे. लिहून कुणाचं भलं होईल असं मला मुळीच वाटत नाही.

माझं माहेर नरखेडकडचं. संत्र्याची बाग, थोडा कापूस, विहिरीवर नुकतंच बसलेलं इंजिन. साठीचं दशक संपता संपता लग्न होऊन मी नागपुरात प्रतापनगरला आले. तेव्हा तिकडे घरं कमी आणि रिकामे प्लॉटच जास्त होते. सासरे आधीच गेलेले. घरात सासूबाई, शाळेत विज्ञान शिकवणारे मोठे दीर, जाऊ, त्यांची मुलं आणि आम्ही दोघं. माझा नवरा खापरखेड्याच्या वीजकेंद्रात होता. शिफ्टची नोकरी, त्यामुळे घरी असला तरी बहुतेक झोपलेला असे. पुढे जे झालं त्यात तो कुठे होता असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हेच, की झोपला होता. हे मी त्याच्या तोंडावरही म्हटलेलं आहे.

मुलगी झाली आणि तिच्या पाठोपाठ हे दुखणं आलं. आधी सगळ्यांना वाटलं बाळंतपणातलं काही बिनसलं असेल. मग वाटलं आव आहे. आपल्याकडे पोटातून रक्त पडलं की ती आव, यात डॉक्टरांचं आणि आजीबाईंचं एकमत असतं. बेलाचा मुरंबा झाला, कुड्याची साल उगाळून झाली, इसबगोल झालं. मग आमच्या मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी आवेची इंजेक्शनं सुरू केली. त्या इंजेक्शनांनी छातीत धडधडायचं, म्हणून पडून राहा म्हणत. तान्ही पोर अंगावर असलेल्या बाईने पडून कसं राहायचं ते कुणी सांगितलं नाही. माहेरून संत्र्यांच्या पेट्या यायच्या आणि मला फोडी मोजून द्यायलाही घरचे घाबरायचे. जाऊबाईंची मुलं अंगणात बसून माझ्या माहेरची संत्री खायची आणि मी खिडकीतून साली गोळा झालेल्या बघायची. इतका राग यायचा की काय सांगू.

आवेची औषधं संपली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी आतड्याचा क्षय ठरवला. मग क्षयाची इंजेक्शनं. त्यांनी कानात शीळ घुमायला लागली, ती आजही घुमते. रक्त मात्र थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. ते त्याच्या मर्जीने येत-जात होतं आणि जो डॉक्टर त्या वेळी समोर असे त्याला यश किंवा अपयश मिळत होतं.

शेवटी एका मोठ्या दवाखान्यात खालून नळी घालून आत पाहिलं. ती तपासणी कशी असते ते मी लिहिणार नाही, एवढी लाज अजून शिल्लक आहे. आतड्याला आतून सूज आहे आणि जखमा आहेत, असं निघालं. आव नाही, क्षयही नाही. इतकी वर्षं भलत्याच रोगांची औषधं पोटात गेली हे ऐकून मला रडावं की हसावं कळेना. रोगाला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. कशाने झालं म्हणून विचारलं तर तिथले वयस्क डॉक्टर माझ्याकडे न बघता सासूबाईंकडे वळले. सूनबाईंचा स्वभाव कसा आहे? मनात ठेवतात का? फार नीटनेटकेपणा लागतो का? हट्टी आहेत का? त्या काळी हा आजार मनातून येतो असं पुस्तकात असायचं म्हणे. पुस्तक लिहिणाऱ्याला सासू नसावी. सुनेचा स्वभाव कसा आहे हा काय सासूला विचारायचा प्रश्न झाला? सासूबाईंनी इतक्या मनापासून उत्तरं दिली की डॉक्टरांना लिहून घ्यायला कागद पुरेना.

त्या दिवसापासून माझं दुखणं माझ्या पदरात पडलं. दुखणं तर आधीपासून होतंच, आता त्याचा दोषही पडला. पोटात कळ येऊन मी परसाकडे धावले की जाऊबाई म्हणत, "आज काय मनाले लावून घेतलं वं?" रक्त पडलं की मी कुणावर तरी डूख धरला आहे, आणि नाही पडलं की आज स्वारी खुशीत आहे. मी खरोखरच हसतमुख राहून पाहिलं. महिनाभर कुणाला उलट बोलले नाही. रक्त काही माझ्या सुस्वभावाला भुललं नाही. मग मला स्वतःचीच भीती वाटायला लागली. आपल्यात असा काय विखार आहे की जो आपलंच आतडं जाळतो, असं मनात यायचं, आणि पोरीला कुशीत घेतानाही ते जायचं नाही.

त्याच दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. औषधं लिहून घ्यायला मी त्यांच्याकडे जायची. दर खेपेला माझा एकच प्रश्न असे, की हे मला काहून झालं. दर खेपेला ते मान हलवत. एकदा बाहेर गर्दी नव्हती, त्यांनाही बोलायची लहर आली असावी. ते म्हणाले की बाई, खरं सांगायचं तर कुणालाच माहीत नाही, पण मनाचं मनाचं म्हणतात ते मला पटत नाही. परदेशात काही लोक वेगळंच शोधत आहेत. रोग्याच्या आतड्याचा तुकडा बारीक वाटून तो इतक्या सूक्ष्म गाळणीतून गाळतात की साधे जंतूसुद्धा पलीकडे जात नाहीत. मग ते गाळलेलं पाणी उंदराला नाही तर सशाला टोचतात. काही जनावरांच्या आतड्यात तशीच सूज दिसते. जंतू तर गाळणीत अडकले, मग पलीकडे गेलं ते काय? व्हायरस असावा, असा त्यांचा कयास. पण एकाला दिसलं ते दुसऱ्याला दिसत नाही, आणि तो व्हायरस अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. हे सगळं त्यांनी मला एखाद्या शिकलेल्या माणसाशी बोलावं तसं सांगितलं. मी सातवी पास.

मी त्यांना विचारलं, म्हणजे माझ्या स्वभावाने झालं नाही?

ते म्हणाले, "बाई, तुमच्या स्वभावाचा याच्याशी काय संबंध? तुम्ही काहीही केलेलं नाही."

ते वाक्य मी पदराला गाठ मारावी तसं घरी आणलं. दवाखान्यातून घरापर्यंत रिक्षात मी रडत होते आणि मला हलकंही वाटत होतं. मी काहीही केलेलं नाही. मी वाईट बाई नाही. माझ्या शरीरात बाहेरून कुणीतरी शिरलं आहे, दिसत नाही, सापडत नाही, पण ते मी नाही. लग्न झाल्यापासून इतका आनंद मला कशाचा झाला नव्हता. असला आनंद बोलून दाखवावासा वाटतोच. संध्याकाळी पंगत बसली होती, मी वाढत होते, आणि वाढता वाढताच मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की माझं दुखणं मनाचं नाही, व्हायरसचं आहे, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. "असावा" आणि "सापडला नाही" हे दोन्ही शब्द मी गाळले. गाळणीची गोष्ट ऐकून आलेली ना मी.

सासूबाईंनी दिरांना विचारलं, व्हायरस म्हणजे काय असते गा? दीर विज्ञानाचे मास्तर. त्यांनी वर्गात सांगतात तसं खणखणीत सांगितलं. व्हायरस म्हणजे विषाणू. देवी, गोवर, कांजिण्या हे सगळे विषाणूचेच रोग. एकापासून दुसऱ्याला होतात.

सासूबाईंचा घास ताटात परत गेला. माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मुलीकडे, जी त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याच ताटात जेवत होती. त्यांनी तिला उचललं आणि हात धुवायला नेलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर वाचणारा त्यांना कजाग ठरवून मोकळा होईल. सासूबाईंच्या तोंडावर देवीचे व्रण होते. त्यांना देवी आल्या तेव्हा त्यांची थोरली लेक अंगावरचं दूध सुटून नुकती चालायला लागली होती. त्या वाचल्या आणि लेक गेली. त्यांच्यापासूनच तिला झालं असं त्यांच्या सासूने त्यांना जन्मभर ऐकवलं होतं. हा विषय घरात निघत नसे, मला तो नवऱ्याकडून कळला होता. देवीची लस टोचणारे तेव्हा अजून घरोघर फिरत होते, आणि ते आले की सासूबाई सगळ्यांच्या आधी पोरांना ओढून पुढे उभं करत. सुया बोथट असतात म्हणून बाकीच्या बाया पोरं लपवायच्या. सासूबाई मात्र पोर रडलं की त्याला दोन धपाटे घालून दुसरा दंड पुढे करायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसातून आले तर माझ्या खोलीच्या चौकटीला कडुलिंबाचा डहाळा लटकत होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घरात कुणाला देवी, गोवर आला की दाराला लिंब लावायचा, फोडणी द्यायची नाही, बाहेरून आलेल्याने पाय धुऊन आत यायचं, रोग्याची भांडी-पांघरूण वेगळं, आणि पोरांनी त्या खोलीकडे फिरकायचं नाही. आठ-पंधरा दिवसांचं ते पथ्य असतं. मग रोगी न्हातो, डहाळा निघतो, सगळं पहिल्यासारखं होतं. सासूबाईंना तेवढंच येत होतं आणि ते त्यांनी नेमाने केलं. मला शिवी दिली नाही की हिडीसफिडीस केलं नाही. उलट देवी आलेल्या माणसाशी बोलतात तसं हळू, अदबीने बोलायला लागल्या. घरात फोडणी बंद झाली, जाऊबाईंची मुलं पांचट वरण खाऊन कुरकुरायला लागली. फक्त माझा आजार आठ-पंधरा दिवसांचा नव्हता. डहाळा वाळला की सासूबाई नवा आणून लावायच्या.

मी भांडले. मला भांडता चांगलं येतं. देवी अंगावर येतात, आतड्यात येत नाहीत, असं ओरडून सांगितलं. इतकी वर्षं माझ्या पुढ्यात जेवून कुणाला काही झालं का, म्हणून विचारलं. दिरांना म्हटलं की सर्दीसुद्धा विषाणूचीच असते ना, मग तुमच्या नाकाला लिंब लावा. त्यांना ते झोंबलं. पण पोरगी त्या रात्रीपासून आजीच्या अंथरुणात गेली ती गेलीच. मी जवळ बोलावलं की ती आधी आजीकडे बघायची.

सासूबाई मला एकदाच स्पष्ट बोलल्या. मी पोरीला ओढून खोलीत घेऊन आले होते आणि त्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, पदर पसरून. "तुले माया राग आला तरी चालन. मले शिव्या दे. पन हे पोरगी मले दे. एक गेली माया हातानं, दुसरी नाही जाऊ देनार." मी तोपर्यंत कुणापुढे हरले नव्हते. पदर पसरणाऱ्या बाईशी कसं भांडायचं ते मला माहीत नव्हतं. मी पोरीचा हात सोडला.

नवरा एकदाचा जागा झाला. तो त्या तरुण डॉक्टरांकडे गेला आणि सासूबाईंनाही बरोबर घेऊन गेला, म्हणजे एकदाचा सोक्षमोक्ष होईल. मीही गेले. डॉक्टर फार वरमले. लागतो असं मी म्हटलंच नव्हतं, म्हणाले. घरातल्या घरात एकापासून दुसऱ्याला झाल्याचं आम्ही पाहत नाही, असंही म्हणाले. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडून विचारलं, की साहेब, नातीला होणार नाही असं छातीठोक सांगता का? डॉक्टर प्रामाणिक होते. जोपर्यंत तो सापडत नाही तोपर्यंत छातीठोक काहीच सांगता येत नाही, असं म्हणाले. दुसरा एखादा असता तर खोटं बोलून मोकळा झाला असता. त्यांच्या त्या प्रामाणिकपणाला मी पुढे कितीतरी वर्षं तळतळाट दिले.

मग नवऱ्याने खापरखेड्याच्या कॉलनीत क्वार्टर घेतला आणि आम्ही दोघं तिकडे गेलो. मुलगी शाळेच्या निमित्ताने प्रतापनगरलाच राहिली. निमित्त हा शब्द माझा, बाकी सगळे कारण म्हणत. कॉलनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडायची, झटकली की पुन्हा पडायची. संडास घराला लागून होता, एवढं एक सुख. रविवारी मी बसने नागपूरला जायची. पोरगी ओसरीवर माझ्यासमोर बसायची, वेणी घातलेली, तेल लावलेली, कशाला कमी नाही. शाळेतलं सांगायची. मी काही खायला नेलं की ती "नंतर खाईन" म्हणायची आणि आत ठेवून यायची. ते आत गेल्यावर गायीपुढे जायचं, हे मला जाऊबाईंच्या धाकट्याने न विचारता सांगितलं. पोरीने ते मला कधी कळू दिलं नाही. एवढीशी असताना तिला आईचं मन राखायची विद्या आली होती, आणि ती तिला शिकावी लागली याचं मला जे दुःख आहे ते कोणत्याच औषधाने गेलं नाही.

कॉलनीत शेजारी एक बौद्ध कुटुंब होतं. बाई माझ्याच वयाची, तोंडाची फटकळ. सुरुवातीला मी कुणाच्या घरी पाणी प्यायची नाही आणि कुणाला देतही नसे. मोकळेपणाच गेला होता अंगातला. तिला वाटलं की मी जातीमुळे पीत नाही. तिने मला दारातच गाठून तसं विचारलं. मग मला सगळं सांगणं भाग पडलं, अगदी परसाकडच्या रक्तासकट. ती ऐकून घेत उभी राहिली. मग माझ्या स्वयंपाकघरात आली, माझ्या अर्ध्या प्यायलेल्या चहाचा कप ओट्यावर होता तो उचलला आणि उरलेला गार चहा पिऊन टाकला. "आमच्या आईची कपबशी लोकायच्या वळचनीले खोचलेली राहे," ती म्हणाली. "आता मले सांग, तुले कोनता कप देऊ?" तिच्यामुळे मी त्या कॉलनीत जगले. पण ती गेल्यावर मी रडले ते तिच्या चांगुलपणाने नाही. परकी बाई माझा उष्टा चहा पिते आणि माझी पोर माझ्या हातचा लाडू खात नाही, म्हणून रडले.

पिवळ्या गोळ्या होत्या, त्यांनी बरं वाटायचं. फार वाढलं की दुसऱ्या गोळ्या, त्यांनी तोंड सुजून वाटोळं व्हायचं आणि बाया म्हणायच्या की खापरखेड्याचं पाणी मानवलं. दर वेळी दवाखान्यात गेले की मी डॉक्टरांना विचारायची, सापडला का? आधी ते समजावून सांगत की अमक्या ठिकाणी काहीतरी दिसल्यासारखं झालं होतं, पण ते भलतंच निघालं. पुढे पुढे ते नुसते नाही म्हणायचे. त्यांचे केस पिकायला लागले होते. जगातल्या कुठल्या तरी खोलीत कुणीतरी आतड्याचे तुकडे वाटतो आहे, गाळतो आहे, आणि त्याला ते सापडलं किंवा ते नाहीच असं ठरलं, की माझी पोर मला मिळेल. इतका सरळ हिशेब होता माझ्या डोक्यात. मी देवापुढे हात जोडून ससे-उंदरांसाठी प्रार्थना केली आहे. आता सांगताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

देवी जगातून गेल्या असं रेडिओवर सांगितलं. सासूबाईंनी डहाळा तरीही काढला नव्हता, असं नवऱ्याकडून कळलं. रिकाम्या खोलीच्या दाराला तो लटकत होता.

मुलगी मोठी झाली, कॉलेजात गेली. रविवारी मी गेले की ती बहुतेक घरी नसायची, मैत्रिणीकडे असायची. मी धरून चालले की आता एवढंच. लग्न होईल, मग वर्षातून एकदा ओसरीवर भेट. आशा सोडण्याची सवय लागली की ती फार त्रास देत नाही.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल. एका संध्याकाळी नवरा प्रतापनगरहून आला आणि चप्पल न काढता दारातच उभा राहिला. पोरीला आव होऊन राहिली आहे म्हणाला, बरेच दिवस झाले, ती सांगत नव्हती. मी विचारलं की रक्त आहे का. हो म्हणून तो चप्पल काढायला वाकला. मी त्याला आवेचं औषध देऊ नका एवढं सांगितलं आणि भांडी घासायला बसले. घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

नळी घालून पाहिलं, तेच निघालं. इतकी वर्षं तिने माझ्या भांड्यातलं पाणी प्यायलं नव्हतं, माझ्या अंथरुणात झोपली नव्हती, माझ्या हातचा घास तिच्या तोंडात गेला नव्हता. मला तिच्यापासून तोडून जे काही टाळायचं होतं ते टळलं नाहीच. डॉक्टरांना मी या वेळी सापडला का म्हणून विचारलं नाही. तेच म्हणाले की आता काही लोक रक्तातून, घराण्यातून येतं असंही म्हणतात, आईकडून, बापाकडून. व्हायरसवाले अजून शोधतच आहेत. दोन्ही मिळून असेल, किंवा तिसरंच काही असेल. मी म्हटलं, बरं.

सासूबाई तेव्हा फार थकल्या होत्या. घरात जाऊबाईंच्या सुना आल्या होत्या, त्यांची तान्ही पोरं होती. सासूबाईंनी नियम बदलला नाही. जो नियम मला होता तोच नातीला. तिची पेटी भरली आणि तिला माझ्याकडे पाठवून दिलं. नवरा सांगत होता की निघताना त्या पोरीच्या तोंडावरून हात फिरवायला पुढे झाल्या आणि हात मागे घेऊन रडल्या.

अशी माझी मुलगी मला परत मिळाली. तिला रिक्षातून उतरताना पाहिलं, हाडं वर आलेली, डोळ्यांखाली काळं, आणि मला सगळ्यात आधी आनंद झाला. लपवून काय करू? पोर मरणाच्या दारात उभी आणि आईला आनंद झाला. त्या आनंदाची मला जेवढी किळस येते तेवढी रक्ताचीही कधी आली नाही.

ती जेवेना. जेवलं की पळावं लागतं म्हणून तिने जेवणच सोडलं होतं. मी मऊ भात कालवून ताट पुढे ठेवायची, ते तसंच परत यायचं. मी जवळ बसले की ती अंग चोरायची, सवयीने. औषध द्यायला आलेल्या कंपाउंडरशी बोलावं तसं माझ्याशी बोलायची.

एका दुपारी ताट समोर ठेवून ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मग भिंतीकडे बघतच बोलायला लागली. घरात सगळे म्हणतात तू बाहेरचं खातेस. मोठ्या काकू म्हणतात अभ्यासाचं टेन्शन घेतेस, मनात ठेवतेस, तुझा स्वभावच तसला. मैत्रिणीसुद्धा म्हणतात. "मी लई विचार करून पाहिला," ती म्हणाली. "मी काय केलं, ते मले सापडूनच नाही राहिलं. काहून झालं मले हे?"

तिच्या जागी मी बसलेली मला दिसत होते. ते तरुण डॉक्टर, तो लहर आलेला दिवस, ते वाक्य. ते वाक्य तिला नुसतं दिलं असतं तर तिने ऐकून सोडून दिलं असतं. तू काही केलं नाहीस म्हटलं की माणूस विचारतो, मग कुणी केलं. मला कुणी सांगू शकलं नव्हतं. तिला द्यायला माझ्याकडे कुणीतरी होतं. डॉक्टरांनी छातीठोक सांगितलेलं नव्हतं, आणि इतकी वर्षं मी उलट बाजूने घसा कोरडा करून भांडले होते. तरी मी बोलले.

"तू काहीच नाही केलं, बाई. तुया सोभावाचं काही नाही. मायापासून आलं हे तुले."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. लहानपणापासून तिने माझ्याकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. आधी आजीकडे बघायची तिला सवय होती आणि इथे आजी नव्हती.

"मंग आजी बराबर म्हने?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. आजी बरोबर म्हणत होती, मीच ऐकत नव्हते.

तिने एक मोठा श्वास सोडला, इतका मोठा की तिचे खांदे खाली आले. मग ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागली.